दर्या बंद असतो तेव्हा

सल्ल्यासाठी माझ्याकडे आलेलं एक पत्र असं आहे. गावाच्या आणि माणसांच्या ओळखीच्या खुणा मी काढल्या आहेत.

'ताई, सप्रेम नमस्कार. आमचं गाव दापोली तालुक्यात, अगदी किनाऱ्याला. मुलगा ट्रॉलरवर खलाशी आहे. एरवी आठ-आठ दिवस दर्यावर असतो. जूनमध्ये होड्या वर ओढल्या की घरात बसतो, मग पितो आणि सूनबाईवर हात टाकतो. तीन वर्षं झाली. मी तिला म्हणायची, नारळी पुनव येईपर्यंत कळ काढ, तुझ्या सासऱ्यांचंपण असंच होतं. गेल्या आठवड्यात त्याने तिचा गळा धरला. लगेच सोडला, वळसुद्धा उठला नाही. मी मध्ये पडले तर मला ढकललं. घर माझ्या नावावर आहे. सूनबाई काही बोलत नाही, गप्प काम करते. पोलिसांत गेलं तर पोरगा आत जाईल, गावकी काय म्हणेल, आणि ती मुलीला घेऊन माहेरी गेली तर मी एकटी. मी काय करू? मला लिहायला जमत नाही, नात टाईप करते आहे. ती सातवीत आहे.'

माई,

गावात तुम्हाला काय म्हणतात ठाऊक नाही, मी आपली माई म्हणते.

पत्रातलं एक वाक्य आधी घेते. बाकीचं दोन दिवस थांबलं तरी चालेल, हे थांबायचं नाही. 'गळा धरला, लगेच सोडला, वळसुद्धा उठला नाही.' माई, गळ्यावर दाब आला की काही सेकंदांत मेंदूकडे जाणारं रक्त तुटतं. वरच्या कातडीवर काहीही दिसत नाही आणि आत रक्तवाहिनीला इजा झालेली असते, असं होऊ शकतं. तिचा त्रास कधी काही तासांनी उठतो, कधी काही दिवसांनी. म्हणून आज सूनबाईला बाजूला घेऊन विचारा. आवाज बसलाय का? गिळताना दुखतं का? श्वास अडकतो का? त्या वेळी डोळ्यांपुढे अंधारी आली होती का, लघवी झाली होती का? तेव्हापासून डोकं दुखतंय का, चक्कर येते का, एका बाजूला बधिर वाटतं का? डोळ्याच्या पांढऱ्या भागात लाल ठिपके दिसतात का, तेही बघा. यातलं एक जरी 'हो' आलं तरी तिला घेऊन तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जा. सगळं 'नाही' आलं तरी जा, कारण गप्प राहणारी बाई अशा प्रश्नांना 'नाही'च म्हणते.

तिथे डॉक्टरांना सरळ सांगायचं, 'नवऱ्याने गळा दाबला.' न्हाणीत घसरले, दार लागलं, असलं काही नाही. केसपेपरवर जे लिहिलं जाईल तेच पुढे कामाला येतं. दवाखान्यातून पोलिसांना कळवतील म्हणून दवाखाना टाळू नका. पुढे तक्रार करायची की नाही हे सूनबाई ठरवील, पण गळा आधी तपासून घ्यायचा.

मी एवढी घाई करते आहे त्याचं आणखी एक कारण आहे. ज्या बाईचा गळा तिच्याच माणसाने एकदा आवळला, तिच्या जिवाला पुढे असणारा धोका चापट-बुक्क्यांपेक्षा कितीतरी मोठा असतो. या विषयात काम करणारे डॉक्टर आणि पोलीस ही खूण सगळ्यात गंभीर खुणांमध्ये धरतात. तेव्हा 'लगेच सोडला' यावर समाधान मानू नका. पुढच्या खेपेला तो कधी सोडेल हे त्यालाही माहीत नाही.

आता दर्याबद्दल. १ जून ते ३१ जुलै बंदी असते, हातात पैसा नसतो, बाहेर धो धो पाऊस, माणूस पडवीत जाळं दुरुस्त करून करून कंटाळतो, हे सगळं खरं. पण तुमच्याच किनाऱ्यावर बघा की. बंदीत सगळेच खलाशी घरी बसतात. त्यांतले कितीतरी जण पितातही. सगळ्यांच्या बायका गप्प काम करतात का? आणि तुमचा मुलगा प्यायल्यावर होडीच्या मालकावर, नाखव्यावर हात टाकतो का? होडीवरच्या मुख्य माणसाची, तांडेलाची कॉलर धरतो का? नाही ना. म्हणजे कितीही प्यायला असला तरी कोणावर हात टाकायचा आणि कोणावर नाही, एवढी शुद्ध त्याला असते. दारू सुटली तर चांगलंच आहे, पण दारू सुटेपर्यंत थांबू असं म्हणाल तर मध्ये किती जून येतील, मोजून बघा.

तुमच्या यजमानांचंही असंच होतं, असं तुम्ही एका ओळीत लिहून टाकलंत. मी त्या ओळीवर बराच वेळ थांबले. तुम्ही ते कसं काढलंत, तेव्हा तुमच्यासाठी कोण उठलं, कोणीच कसं नाही उठलं, हे तुम्ही मला सांगायला लागला असता तर पत्र संपलंच नसतं. सूनबाईला 'कळ काढ' म्हणालात यात दुष्टपणा नव्हता. जे औषध तुम्हाला दिलं गेलं तेच तुम्ही पुढे दिलंत. आज ते परत घ्या. तिला जवळ बसवून एवढंच म्हणा, 'मी तुला कळ काढ म्हणाले ते चुकलं. तू जे ठरवशील त्यात मी तुझ्या बाजूला आहे.' ती लगेच रडेल, मन मोकळं करील, असं समजू नका. कदाचित मासळी साफ करत राहील आणि मान वर करून बघणारही नाही. तरी म्हणा.

आता घर. आपल्याकडची घरं एकमेकांपासून लांब, मध्ये माड-पोफळी, वरून पाऊस. कौलांवर सर आली की माजघरातली हाक अंगणात ऐकू येत नाही. लाईट जाते, मोबाईलची रेंज जाते. तेव्हा शहरातल्या बायकांना सांगतात ते सगळं इथे चालत नाही. 'पडवीतला दिवा लावून शेजारणीला खूण करा' म्हणावं, तर दिवाच नसतो. म्हणून आपल्या घराचा विचार आपल्यालाच करायला हवा.

आवाज चढायला लागला की सूनबाईने स्वयंपाकघरात थांबायचं नाही. विळी, कोयती, तवा, गॅस, सगळं तिथेच. न्हाणीतही जायचं नाही, तिथे दुसरं दार नसतं. मागच्या दाराने विहिरीकडेही नाही. तिने पडवीकडे सरकायचं, बाहेर पडायचं दार पाठीशी राहील असं. त्या दाराची कडी वर असेल, गंजून अडकत असेल, तर आजच खोबरेल तेल घाला. संध्याकाळी मासळी झाली की कोयती धुऊन पुसून डब्यात घालायची आणि डबा रोजच्या जागी ठेवायचा नाही. कोणी विचारलं तर 'पोरीच्या हाताला लागेल म्हणून.' माडावर चढायचा मोठा कोयता दाराजवळ टांगलेला असतो, तो शेजाऱ्याकडे 'धार लावायला' जाऊ दे. पावसाळा संपेपर्यंत परत नाही आला तरी चालेल.

एका बाईला सगळं सांगायचं. एकच, पण पूर्ण. हाकेच्या अंतरावरची, पोटात ठेवणारी. तिच्याशी एक शब्द ठरवून ठेवायचा. फोनवर म्हणा किंवा नातीला पाठवून म्हणा, 'सुकटीचा डबा परत दे' असं काहीतरी. तो शब्द कानावर आला की तिने पोलीस मदतीच्या ११२ ला फोन करायचा आणि दोन माणसं घेऊन यायचं. (मी इथे छापलेला शब्द घेऊ नका, दुसरा ठरवा. हे तुमचा मुलगाही वाचू शकतो.) माझ्या आजोळी शेजारी एक काकी होत्या. वाडीत कोणाच्या घरात आवाज चढला की त्या वाटी घेऊन विरजण मागायला जायच्या. रात्री दहाला विरजण! दारात उभ्या राहायच्या, 'असू दे, सावकाश दे' म्हणायच्या आणि हलायच्या नाहीत. लहानपणी मला वाटायचं, या बाईचं दही कधी लागतच नाही. सगळ्या मारहाणी काही त्यांनी थांबवल्या नाहीत, पण त्या दारात असेपर्यंत त्या घरातला हात वर जायचा नाही. अशी एक विरजणवाली काकी तुमच्या सुनेला शोधून द्या.

कागदपत्रांची पिशवी घरात ठेवायची नाही, त्या शेजारणीकडे ठेवायची. दोघी-तिघींचं आधारकार्ड, रेशनकार्डाची झेरॉक्स, सूनबाईचं पासबुक, लग्नाचा दाखला, नातीचा शाळेचा दाखला, रोजची औषधं, थोडे पैसे, एक जोडी कपडे. दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत, आपला पाऊस माहीत आहे. दागिने तिचे असतील तर तेही हळूहळू तिकडे. ते तिचं स्त्रीधन आहे, कोणाच्या परवानगीचा प्रश्न नाही. आणि जाता जाता विचारते, लाडक्या बहिणीचे महिन्याचे दीड हजार तिच्या खात्यात येत असतील तर एटीएम कार्ड कोणाच्या खिशात असतं? तुमच्या मुलाच्या असेल, तर हीसुद्धा हिंसाच, कायद्यात तसं लिहिलेलं आहे. मात्र कार्ड बंद करणं, पिन बदलणं हे ती घरात असताना करू नका, त्याला पहिल्याच फेरीत कळेल.

बाहेर पडायची वेळ आलीच तर ती आधी कोणाला सांगायची नाही, भांडणात तर अजिबात नाही. 'जाते मी माहेरी' हे वाक्य रागात तोंडातून निघतं आणि तोच क्षण सगळ्यात वाईट असतो. बाई हातातून सुटते आहे असं वाटलं की असला माणूस जास्त बिथरतो. मुक्कामाची एसटी पहाटे सुटते तेव्हा तो झोपलेला असेल हे खरं, पण त्या गाडीचे ड्रायव्हर-कंडक्टर अख्ख्या गावाला ओळखतात. विचारलं तर दवाखान्यात चाललो म्हणायचं. तिघी निघालात तरी हरकत नाही. बायकांना अर्धं तिकीट आहे, २०२३पासून.

रात्री-बेरात्री ११२. मोबाईलमध्ये बॅलन्स नसला तरी लागतो. पण तिकडचा माणूस 'कुठून बोलताय' विचारतो आणि घाबरलेल्या माणसाला नेमका पत्ता सुचत नाही. गाव, वाडी, जवळचं देऊळ, रस्त्यापासून घर किती आत, एवढं एका दमात म्हणता आलं पाहिजे. दिवसा घरात म्हणून बघा. सल्ला हवा असेल तर १८१, ही बायकांसाठीची हेल्पलाईन. फोन तुमच्या मोबाईलवरून करा आणि नंतर नंबर पुसून टाका. सूनबाईचा मोबाईल तो बघत असणार.

आता तुमची खरी भीती. पोरगा आत जाईल का?

माई, २००५ साली घरातल्या हिंसेपासून बायकांना संरक्षण देणारा कायदा झाला आणि २००६च्या ऑक्टोबरपासून तो लागू आहे. त्याचा पहिला उद्देश मारहाण थांबवणं हा आहे, माणसाला आत घालणं हा नाही. सूनबाई संरक्षण अधिकाऱ्याकडे जाऊ शकते. हे अधिकारी महिला व बालविकास विभागाचे असतात. ते तिची हकिकत फॉर्मवर लिहून घेतात आणि मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायला मदत करतात. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत लावण्याचा प्रयत्न करावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात कोर्ट लांबतं, खोटी आशा दाखवत नाही. पण निकालाआधीच तात्पुरता आदेश मागता येतो, आणि बाईच्या जिवाला धोका आहे असं दिसलं तर समोरच्याचं म्हणणं ऐकण्याआधीही तो देता येतो. 'हिला हात लावायचा नाही, हिच्या जवळ जायचं नाही,' असा हुकूम. तो पाळला तर तुमचा मुलगा बाहेरच आहे. मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे या कायद्यात आत जायचं की नाही हे बरंचसं त्याच्याच हातात राहतं.

पोलिसांकडची फौजदारी वाट वेगळी. नवऱ्याने किंवा त्याच्या नातेवाइकांनी छळ केला तर पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ४९८-अ लागायचं. १ जुलै २०२४पासून तेच भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५खाली आलंय, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. आणि गळा आवळून जीव घेण्याचा प्रयत्न झाला असेल तर कलमं याहून जड लागतात. यात 'नातेवाईक' हा शब्द आहे, माई. तुमचंही नाव त्यात येऊ शकतं. घाबरवायला सांगत नाही. पण घरात राहून 'मला काय त्यातलं' म्हणायची सोय सासूला नाही, हे तुम्हाला कळायला हवं. २०१६ साली सुप्रीम कोर्टाने २००५च्या कायद्यातला 'प्रौढ पुरुष' हा शब्द काढून टाकला, तेव्हापासून त्या कायद्याखालीसुद्धा घरातल्या बाईविरुद्ध अर्ज होऊ शकतो.

पण तोच कायदा तुमच्याही बाजूने उभा राहतो, हे तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही. मुलाने तुम्हाला ढकललं. तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. हा कायदा फक्त बायकोसाठी नाही, एका घरात राहणाऱ्या आईसाठीही आहे. अर्ज तुम्हीही करू शकता, तुमच्या नावाने, तुमच्या मुलाविरुद्ध. आणि घर तुमच्या नावावर असलं तरी सुनेचा तिथे राहण्याचा हक्क सुटत नाही. नवरा-बायको तिथे एकत्र राहत होते ना, मग घरपट्टी कोणाच्या नावाने येते हे बघत नाहीत. सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घरसुद्धा यात धरता येतं, हे सुप्रीम कोर्टाने २०२०मध्ये स्पष्ट केलंय. तेव्हा ती माहेरी जाईल आणि मी एकटी उरेन, हे एकच चित्र डोळ्यांसमोर आणू नका. कोर्ट तुमच्या मुलालाच 'काही काळ या घरात राहायचं नाही' असं सांगू शकतं. असा घराबाहेर काढण्याचा हुकूम बाईविरुद्ध होत नाही, तेव्हा तुमच्या डोक्यावरचं छप्पर कुठे जात नाही. सून, नात आणि तुम्ही आत, तो बाहेर, असंही होऊ शकतं. किंवा सूनबाईला नकोच असेल हे घर, तर तसंही. ते तिचं तिला ठरवू द्या. तुमची सोबत म्हणून तिने राहावं, असं तिला सुचवूसुद्धा नका.

वकिलाचे पैसे? लागत नाहीत. बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीचं टेबल कुठे आहे विचारा, नाहीतर १५१०० लावा. जिल्ह्याच्या ठिकाणी 'सखी' केंद्र असतं, तिथे चार-पाच दिवस राहायची सोय, समुपदेशन, पोलीस आणि दवाखान्यासाठी मदत एकाच ठिकाणी मिळते.

गावकीचं म्हणाल तर ती बसेल, हे मलाही माहीत आहे. 'एक संधी द्या, दर्या सुरू झाला की ठीक होईल' असं कोणीतरी मोठं माणूस म्हणेल, नारळ देवळात ठेवला जाईल आणि सगळे चहा पिऊन उठतील. जमिनीच्या, पाणवठ्याच्या, बांधाच्या भांडणात गावकीचा मान मी ठेवते. गळा आवळण्यावर तडजोड करायला लावण्याचा अधिकार कोणाच्याही बैठकीला नाही. बसायचंच झालं तर सूनबाईला समोर उभं करून जाबजबाब करू देऊ नका. तुम्ही बोला. त्या घरातलं सगळ्यात वजनदार माणूस तुम्ही आहात, घर तुमचं, मुलगा तुमचा. 'मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय' हे सासूच्या तोंडून आलं की बैठकीचं तोंड बंद होतं. कोर्टातही तुमच्या साक्षीला किंमत आहे. तुम्ही आजच संरक्षण अधिकाऱ्याला कळवलंत तरी चालतं. अशी माहिती खऱ्या भावनेने देणाऱ्या माणसावर कायदा काही कारवाई करू देत नाही.

मुलाशी बोलायचं का? बोला, पण सकाळी, तो शुद्धीत असताना आणि घरात आणखी एखादा मोठा पुरुष असताना, मामा किंवा त्याचा तांडेल. लांबण लावू नका. 'परत हात टाकलास तर मी साक्ष देणार, सूनबाईच्या बाजूने.' एवढंच. तिने काय ठरवलंय, पिशवी कुठे आहे, शेजारीण कोण, यातलं एक अक्षर बोलायचं नाही, कितीही गयावया केली तरी. आई आहात, पाघळाल. म्हणून आधीच सांगते. त्याला खरंच दारू सोडायची असेल किंवा मन ताळ्यावर नाही असं वाटत असेल, तर १४४१६ हा सरकारी मानसिक आरोग्याचा फोन आहे. त्याने लावावा. तुम्हाला रात्री झोप येत नसेल तर तुम्हीही लावा.

आता शेवटचं मी तुमच्याशी बोलत नाही, माई. जी हे वाचून दाखवते आहे तिच्याशी बोलते.

बाळा, तू आजीचं पत्र टाईप केलंस. एकही शब्द चुकला नाहीये. गळ्याचं वाक्य टाईप करताना तुला काय वाटलं असेल याचा मी विचार करत होते. तुझ्या घरात जे होतं त्यात तुझा दोष नाही, आणि ते थांबवायचं कामही तुझं नाही. बाबा मारत असतील तेव्हा मध्ये जायचं नाही, आई ओरडली तरी नाही. तुझं काम एकच, आजीने ठरवलेल्या काकीकडे पळायचं आणि ठरलेला शब्द सांगायचा. पाऊस असला तरी, अंधार असला तरी. दाराजवळ एक टॉर्च ठेवून घे, आजीला मागून. तुला एकटीला कोणाशी बोलावंसं वाटलं तर १०९८ हा मुलांसाठीचा फोन आहे, मोठ्यांना न विचारता लावायचा असतो.

आता हे पान बंद कर, मोबाईलमधून पुसून टाक आणि आईला सांग की आजी आजच तिच्यासोबत दवाखान्यात येते आहे.